आधी पाणी बघा, मग खोली

पेणच्या मूर्तिकाराला मे महिन्यात सुट्टी नसते. शाळा बंद होतात, मुंबईकर कोकणात उतरायला लागतात आणि नेमका तेव्हाच पेण, हमरापूर, जोहे इथल्या कारखान्यांत कामाला जोर चढलेला असतो. गणपती गावोगाव पोचले की मग हात मोकळे. त्यामुळे इथल्या पुष्कळ घरांची सहल दिवाळीत किंवा नाताळात निघते. ती ठरवताना वाद एकाच गोष्टीवर होतो: राहायचं कुठे? जायचं कुठे, हा प्रश्न जणू सुटलेलाच असतो. समुद्रावर! अलिबाग तीसएक किलोमीटरवर, दर शनिवारी वडखळ नाक्यावर मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग डोळ्यांसमोरून जाते, तेव्हा आपणही एकदा तसं राहून यावं असं पेणकरांना वाटलं तर नवल नाही. मग फोन निघतात आणि ‘हॉटेल दाखव’ सुरू होतं.

ज्या घरातलं कुणी न्यू जर्सीला किंवा टोरांटोला आहे, तिथे या वादाला आणखी एक फाटा फुटतो. तिकडच्या मराठी मंडळींना बर्फाच्या दिवसांत कॅरिबियन बेटं जवळची. फ्लोरिडातून क्रूझवर चढायचं किंवा विमानाने चारपाच तासांत जमैका गाठायचं. ‘या वर्षी आईबाबांना घेऊन तिथेच भेटू’ असा निरोप येतो, सोबत दहा फोटो. गंमत अशी की जमैकाच्या हॉटेलचे फोटो आणि नागावच्या रिसॉर्टचे फोटो शेजारी ठेवले तर कुठला कुठला ते सांगता येत नाही. निळा तलाव, पांढरी चादर, त्यावर टॉवेलची घडी घालून केलेला हंस, मागे माड.

दोन्हीकडे फसगत एकाच कारणाने होते. खोली आधी ठरते आणि किनारा कसा आहे हे तिथे पोचल्यावर कळतं.

कॅरिबियनपासूनच सुरुवात करू, कारण तिथे ही फसगत जास्त महागात पडते. मराठी घरांत तो भाग शिरला क्रिकेटच्या वाटेने. १९७१ साली अजित वाडेकरांच्या संघाने पोर्ट ऑफ स्पेनची कसोटी आणि मालिका जिंकली. सुनील गावसकरांनी पदार्पणाच्या मालिकेत ७७४ धावा काढल्या, मूळच्या गोव्याच्या दिलीप सरदेसाईंनी ६४२, आणि किंग्स्टन, ब्रिजटाउन, जॉर्जटाउन ही नावं घरोघरी तोंडपाठ झाली. वेस्ट इंडिजचा संघ एक म्हणून देशही एकच असावा, हा समज तेव्हापासूनचा. प्रत्यक्षात किंग्स्टन ते पोर्ट ऑफ स्पेन हे अंतर मुंबई-दिल्लीपेक्षा जास्त आहे, आणि जॉर्जटाउन तर बेटावर नाहीच. ते दक्षिण अमेरिकेच्या भूमीवर, गयानात आहे. ‘कॅरिबियनला जाऊ’ म्हणणं म्हणजे ‘कोकणात जाऊ’ म्हणण्यासारखंही नाही. कोकणात निदान एक महामार्ग आहे, त्याची कितीही दुर्दशा असली तरी.

बार्बाडोस, जमैका, त्रिनिदाद-टोबॅगो इथे भारतीय पासपोर्टवर फिरायला जाणाऱ्याला आधी व्हिसा काढावा लागत नाही, हे ऐकून लोक हुरळून जातात. पण मुंबईहून तिथे थेट विमान नाही. अमेरिकेतून जायचं तर नुसतं विमान बदलण्यासाठीही अमेरिकेचा व्हिसा लागतो. लंडनमार्गे जायचं तर ब्रिटनची परवानगी. म्हणून बेटाची निवड बऱ्याच अंशी विमानाची वाटच करते. लंडनहून बार्बाडोस सोपं, ॲमस्टरडॅमहून कुरासाव, पॅरिसहून मार्टिनिक, आणि या शेवटच्या दोन बेटांचे व्हिसाचे नियमही वेगळे. जुन्या मालकांच्या राजधान्या अजून त्या वाटांवर बसून आहेत.

बेट ठरलं तरी काम अर्धंच होतं. या भागात वारा वर्षातला बराच काळ पूर्वेकडून, ईशान्येकडून वाहतो. बार्बाडोसच्या पूर्व किनाऱ्यावर बाथशिबा नावाचं गाव आहे. तिथे अटलांटिकच्या लाटा थेट येऊन आदळतात, सर्फिंग करणाऱ्यांना स्वर्ग, पण साध्या माणसाने पोहायला उतरू नये असं पाणी. पश्चिमेला होलटाउन, तिथलं पाणी तळ्यासारखं शांत. बेटाची रुंदी पंचवीस किलोमीटरही नाही. एवढ्याशा अंतरात दोन निरनिराळे समुद्र, आणि हॉटेलच्या फोटोत दोन्ही सारखेच निळे. त्यात २०११ पासून सार्गासम नावाचं तपकिरी समुद्रशेवाळ अटलांटिकमधून लोंढ्याने येऊ लागलं आहे. उन्हाळ्याच्या दिवसांत पूर्वेकडच्या किनाऱ्यांवर त्याचे थर साचतात, कुजतात आणि त्यांना सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. हा वास कुठल्या फोटोत येणार?

राहिली वादळं. जून ते नोव्हेंबर हा तिथला चक्रीवादळांचा काळ. १ जुलै २०२४ रोजी बेरिल वादळाने ग्रेनाडाच्या कॅरियाकू बेटावरची बहुतेक घरं मोडली. दक्षिणेकडची अरुबा, बोनेर, कुरासाव ही बेटं सहसा या तडाख्याबाहेर राहतात. ऑगस्ट-सप्टेंबरात खोल्यांचे दर निम्म्यावर येतात ते यजमानांच्या मनाच्या मोठेपणामुळे नव्हे.

हे सगळं पेण-रोह्याच्या माणसाला समजावून सांगावं लागू नये. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगडच्याच किनाऱ्यावर चढलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडच्या वाड्यांतले माड आणि पोफळी आडव्या झाल्या. पोफळ पुन्हा लावली तर सुपारी हाती यायला सहासात वर्षं जातात. श्रीवर्धनी रोठा सुपारीवर पिढ्यान् पिढ्या चाललेली घरं त्यानंतर पाहुण्यांच्या खोल्यांकडे अधिक वळली असतील, तर तो हौसेचा भाग कमी आणि गरजेचा जास्त. त्या किनाऱ्यावर खोली घेताना दर घासाघीस करणाऱ्याने एवढं लक्षात ठेवायला हरकत नाही.

आता मुख्य मुद्दा, भरती-ओहोटीचा. कॅरिबियनमधल्या बहुतेक बेटांवर भरती आणि ओहोटीच्या पाण्यात फरक जेमतेम फूट-दोन फुटांचा. म्हणून तिथली हॉटेलं पाण्याला अगदी खेटून खुर्च्या मांडू शकतात आणि दिवसभर चित्र बदलत नाही. आपल्याकडे उधाणाला हा फरक चार मीटरच्या वर जातो. ज्या किनाऱ्याचा फोटो पाहून नोंदणी केली, तो किनारा दिवसातले काही तास तसा नसतोच. कधी पाणी सुरूच्या झाडांपर्यंत आलेलं असतं, कधी इतकं लांब गेलेलं की लहान मुलं पाण्यापर्यंत चालतानाच दमतात. तिकडच्या जाहिरातींची नक्कल करून इकडे ‘समुद्राला लागून’ खोल्या विकणाऱ्यांना हा फरक अडचणीचा वाटतो. खरं तर मजा त्या फरकातच आहे, फक्त वेळ माहीत हवी.

ती वेळ पंचांगात आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने हाती येते. चतुर्थीला तीनच्या सुमाराला भरती, म्हणजे ओहोटी नऊला. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. पौर्णिमा-अमावास्येला पाणी भर दुपारी वर आणि संध्याकाळी सहाला किनारा लांबच लांब उघडा. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे उधाण, अष्टमीच्या आगेमागे भांग. कोळीवाड्यातलं पोरही हे सांगेल. संध्याकाळी मुलांना वाळूत मनसोक्त हुंदडू द्यायचं असेल तर पौर्णिमेजवळचा शनिवार पाहावा. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जायचं तर सकाळच्या ओहोटीचे दिवस. हरिहरेश्वरला डोंगराला समुद्राच्या अंगाने प्रदक्षिणा घालायची, तर ओहोटीशिवाय तो विचारही करू नये; तिथे लाटेने माणसं ओढून नेल्याच्या घटना घडलेल्या आहेत. हॉटेलला फोन करून ‘एसी आहे का’ विचारणारे शंभर, ‘त्या दिवशी ओहोटी किती वाजता’ विचारणारा एखादाच.

हे अज्ञान जिवावरही बेतू शकतं. मुरूडचा किनारा पाहावा तर सपाट, उथळ, निरुपद्रवी. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतले १४ विद्यार्थी तिथे बुडाले. काशीदची वाळू पांढरी, पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ, म्हणून फोटोत तोच किनारा सगळ्यांत जास्त दिसतो. पण तिथला समुद्र मोकळा आणि ओढीचा आहे, आणि तिथेही दर काही काळाने बुडाल्याची बातमी येते. पोहायला जायचं, चालायला जायचं की नुसतं बसायला, हे आधी ठरलं तर किनारा आपोआप ठरतो. वयस्कर माणसांना घेऊन संध्याकाळी बसायला श्रीवर्धन चांगलं. लांब चालायला दिवेआगर, एकसंध चारेक किलोमीटर वाळू. झाडी आणि पाखरं हवी असतील तर किहीम. सालिम अलींनी १९३० साली सुगरणीच्या घरट्यांचं गाजलेलं निरीक्षण तिथेच केलं. पाण्याचा रंग हवा तर खाडीच्या तोंडापासून दूर जावं. धरमतर आणि कुंडलिकेच्या मुखाजवळ पाणी गढूळ असणारच, त्याबद्दल हॉटेलवाल्याशी भांडण्यात अर्थ नाही.

रोहेकरांचं गणित थोडं वेगळं. कोकण रेल्वेचा शून्य किलोमीटर रोह्यात, त्यामुळे गाव ‘तिथून पुढे कोकण’ या थाटात वागतं. पण समुद्राकडे जाणारी रोह्याची खरी वाट केळघरच्या घाटातून मुरूडला उतरते, फणसाड अभयारण्याच्या कडेकडेने. जंजिऱ्याच्या नवाबाचं हे शिकारीचं रान १९८६ मध्ये अभयारण्य झालं. अलिबागमार्गे मुरूड गाठणारे पुण्या-मुंबईचे पाहुणे हा रस्ता क्वचितच पाहतात. ज्यांना समुद्राचं फारसं अप्रूप नाही त्यांना कोलाड आहेच. तिथलं राफ्टिंग भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सुटणाऱ्या पाण्यावर चालतं, त्यामुळे ते सकाळीच असतं. दुपारी बारा वाजता आरामात पोचणाऱ्याला नदीत दगड बघावे लागतात.

आणि याच मुरूड-रेवदंड्याच्या पट्ट्यात एक गोष्ट आहे जी न्यू जर्सीच्या नातेवाइकांना आवर्जून सांगावी. लोक कुरासावला जातात तेव्हा तिथली पाप्यामेंतो भाषा ऐकून चकित होतात. पोर्तुगीज आणि स्पॅनिश मुळांवर वाढलेली ती बेटवासीयांची बोली. विलेमस्टॅडचं १७३२ सालचं सिनेगॉग पाहायला रांग लागते, जमिनीवर वाळू पसरलेलं. आफ्रिकेतून आणलेल्या माणसांच्या वंशजांनी घडवलेलं संगीत ऐकायला मिळतं. चाच्यांच्या गोष्टी आणि समुद्रातले किल्ले तर पावलोपावली विकायला ठेवलेले.

हे सगळं इथेही आहे. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई आहे. पोर्तुगीजांनी १७४० मध्ये हा भाग मराठ्यांना सोडला, पण कोर्लईच्या ख्रिस्ती वाडीत पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली बोली आजही घराघरांत बोलली जाते. अलिबागेत मागेन अबोथ हे १८४८ सालचं सिनेगॉग उभं आहे. जवळच्या नवगावला आपल्या पूर्वजांचं जहाज फुटलं असं बेने इस्रायली समाज सांगत आला. मराठी बोलणारा, तेलाचे घाणे चालवणारा आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारा हा समाज. आफ्रिकी वंशाचे सिद्दी तर इथे गुलाम म्हणून नव्हे, राज्यकर्ते म्हणून राहिले. राजपुरीसमोरचा जंजिरा शिवाजी महाराजांना मिळाला नाही, संभाजी महाराजांनी खाडीत भराव घालून पाहिला, तरी नाही. सिद्द्यांवर वचक ठेवायला शिवाजी महाराजांनी मुरूडसमोर पद्मदुर्ग बांधला तो अजून पाण्यात उभा आहे. सिद्द्यांचं संस्थान भारतात विलीन झालं ते थेट १९४८ मध्ये. इंग्रजांच्या कागदांत ज्यांना चाचा म्हटलं गेलं त्या कान्होजी आंग्र्यांची समाधी अलिबागेत आहे, आणि ज्यासाठी मराठे, इंग्रज आणि सिद्दी तिघे झगडले तो खांदेरी किल्ला जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाखाली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला.

म्हणजे कुरासावला जाऊ नये असं नाही. ऐपत असेल, मुलं बोलावत असतील, तर जरूर जावं; गुडघे दुखणाऱ्या आईवडिलांना क्रूझ सोयीचीही पडते, रोज सामान उचलावं लागत नाही. पण पेणला जन्म काढून ज्याने कोर्लई पाहिलं नाही, त्याला विलेमस्टॅडमध्येही बहुधा हॉटेलचा तलावच दिसेल.

आता घराकडे वळू, कारण राहायला कुठेतरी लागतंच. नागाव, आक्षी, चौल, दिवेआगर इथलं जुनं घर पुढे रस्त्याला तोंड करून असतं, मागे नारळ-पोफळीची वाडी, वाडीच्या टोकाला समुद्र. अशा घरातल्या दोन-तीन खोल्या पाहुण्यांना दिल्या जातात. पर्यटन महामंडळाच्या निवास-न्याहारी योजनेने या पद्धतीला सरकारी नोंदणी मिळवून दिली, पण पद्धत त्याहून जुनी. इथे जेवण आधी सांगावं लागतं. ‘माणसं किती, मासे खाणारे किती, उकडीचे मोदक हवेत का’ हे सकाळीच ठरतं. रात्री साडेदहाला येऊन पनीर टिक्का मागणाऱ्याची इथे पंचाईत होते, आणि व्हायलाच हवी.

पेणकरांना तर या जेवणात वेगळं काय, असा प्रश्न पडू शकतो. खारेपाटातल्या तळ्यांतला जिताडा त्यांच्या घरचाच. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की भांबुर्ड्याचा पाला घालून मडक्यात लावलेली पोपटीही घरचीच. म्हणूनच पेणचा माणूस समुद्रावर गेला की उलट हॉटेलातलं खायला बघतो. ते त्याचं स्वातंत्र्य. फक्त जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा ‘ताजी मासळी’ लिहिलेल्या फलकाकडे किंचित संशयाने पाहावं.

घरगुती निवास म्हटला की सगळं चांगलंच, असं मात्र अजिबात नाही. नावाला ‘होमस्टे’ आणि मालक ठाण्याला, रखवालदाराकडे किल्ली, जेवण बाहेरून, हा प्रकार आता किनाऱ्यावर सर्रास दिसतो. ओळखायची खूण सोपी आहे. फोनवर विचारावं: उद्या ओहोटी किती वाजता आहे? घरचा माणूस पटकन सांगेल, नाहीतर ‘थांबा, विचारून सांगते’ म्हणेल. ठाण्याचा मालक स्विमिंग पूलची वेळ सांगेल.

दिवेआगरची कहाणी या बाबतीत शिकण्यासारखी आहे. १९९७ साली तिथे एका वाडीत खणताना पेटीत सोन्याचा गणपतीचा मुखवटा सापडला आणि आडवाटेचं गाव एकदम नकाशावर आलं. गर्दी आली, तिच्यामागून खाणावळी आणि खोल्या आल्या. मार्च २०१२ मध्ये दरोडा पडला, मंदिराचे दोन रखवालदार मारले गेले, मुखवटा गेला आणि पाहुणेही ओसरले. मग निसर्ग वादळ. २०२१ च्या नोव्हेंबरात नवा सुवर्ण मुखवटा बसवला गेला. एवढ्या चढउतारातही जी घरं टिकली त्यांच्याकडे लोक केवळ गणपतीसाठी येत नव्हते. वर्षानुवर्षं त्याच घरी उतरणारी कुटुंबं होती, मुलांची उंची दाराच्या चौकटीवर मोजली जावी इतकी जुनी ओळख.

याच्याही पुढचं उदाहरण रायगडची हद्द ओलांडली की सापडतं. हरिहरेश्वरजवळ बागमांडल्याला फेरीबोटीत गाडी चढवायची, सावित्रीच्या मुखातून वेसवीला उतरायचं आणि बाणकोटवरून वेळास गाठायचं. नाना फडणवीसांचं हे मूळ गाव. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन इथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली आणि त्यातून कासव महोत्सव उभा राहिला. फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला पिल्लं समुद्राकडे जाताना पाहायला लोक येतात. गावात मोठं हॉटेल नाही. पाहुणे घरांत उतरतात, घरात शिजतं ते जेवतात. इथे कुणी खोली पाहून गाव निवडत नाही. कासवं कधी निघतात यावर तारीख ठरते, तारखेवर घर. सहल ठरवण्याचा हाच क्रम शहाणपणाचा, आणि तो बार्बाडोसलाही लागू पडतो.

क्रम उलटला तर काय होतं, हेही कॅरिबियनमध्येच दिसतं. जमैकात १९८१ साली माँटेगो बे इथे सँडल्स या नावाने सगळं-एकाच-पैशात पद्धतीचं रिसॉर्ट सुरू झालं आणि ही पद्धत बेटाबेटांवर पसरली. खाणं, पिणं, खेळ, गाणं सगळं कुंपणाच्या आत. पाहुण्याला बाहेर पडायचं कारणच उरत नाही, आणि बाहेरच्या खाणावळवाल्याच्या वाट्याला त्याचा पैसा येत नाही. त्यात जमैकाचा १९५६ चा किनारा कायदा असा की लोकांना समुद्रस्नानाचा सरसकट हक्कच नाही. रिसॉर्टांच्या भिंती वाढत गेल्या, तसे तिथले लोक स्वतःच्याच किनाऱ्यावर जाण्यासाठी कोर्टकचेऱ्या करू लागले. बार्बाडोसने मात्र किनारे सर्वांचे ठेवले. कितीही तालेवार हॉटेल असो, समोरच्या वाळूवर कुणीही येऊन बसू शकतो.

रायगड यांतल्या कुठल्या वाटेने चालला आहे? कायद्याने भरतीच्या रेषेजवळ बांधकामावर १९९१ पासून निर्बंध आहेत. तरी किहीमच्या किनाऱ्यावर नीरव मोदीचा बंगला उभा राहिला आणि मार्च २०१९ मध्ये तो सुरुंग लावून पाडावा लागला. तो पडला म्हणून टाळ्या वाजल्या, पण मांडवा ते रेवदंडा या पट्ट्यात गावातून समुद्राकडे जाणाऱ्या किती जुन्या पाणंदी आता फाटकांमागे गेल्या, याचा हिशेब कुणी मांडत नाही. मांडव्याला २०२० पासून रो-रो बोट, जानेवारी २०२४ पासून अटल सेतू. मुंबई जवळ आली तसे जमिनीचे भाव आणि भिंतींची उंची दोन्ही वाढणार.

आणि तो निळा तलाव. समुद्रापासून दोनशे पावलांवर पोहण्याचा तलाव बांधायचा आणि त्यात गोडं पाणी भरायचं, या कल्पनेचं पेणकरांनी तरी कौतुक करू नये. हेटवणे धरण पेण तालुक्यात. त्याचं पाणी नवी मुंबईकडे जातं आणि वाशी-शिर्की भागातल्या खारेपाटात उन्हाळ्यात बायका टँकरची वाट पाहतात. अलिबाग-मुरूडच्या किनारी गावांतही मे महिन्यात विहिरी खारावतात. अशा तालुक्यातून सहलीला निघालेल्या कुटुंबाने ‘पूल आहे ना?’ हा पहिला प्रश्न विचारावा, हे जरा खटकतंच. मुलांना तलाव हवा असतो, मान्य. पण मुलांना ओहोटीच्या वाळूत चालणारे खेकडेही हवे असतात, ते दाखवायला कुणी हवं.

यात सगळा भार पाहुण्यावर टाकणं अन्यायाचं होईल. नवख्या माणसाला पंचांगातून भरती काढता येत नाही आणि फणसाडची वाट फोनवरच्या हॉटेलच्या यादीत सापडत नाही. किनाऱ्यावरच्या काही ग्रामपंचायती बाहेरून येणाऱ्या गाड्यांकडून कर घेतात, नाक्यावर पावती फाडून हातात देतात. त्या पावतीच्या पाठीमागे महिन्याभराच्या भरती-ओहोटीच्या वेळा, पोहायला कुठे उतरू नये त्या जागा आणि गावातून समुद्राकडे जाणाऱ्या सार्वजनिक वाटांची नावं छापायला फार खर्च येणार नाही. वाटांची नावं छापली गेली तर उद्या एखाद्या वाटेवर फाटक बसवणाऱ्याला ग्रामपंचायतीचाच कागद दाखवता येईल.